वाचकांचे प्रश्न : 15 बारचं मशीन आणि पाणचट कॉफी

प्रश्न : समुद्राला लागून आमचं घरगुती निवासाचं छोटं काम आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे सकाळी कॅपुचिनो मागतात, म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये आठ हजारांचं एस्प्रेसो मशीन घेतलं. खोक्यावर '15 बार' असा पाण्याच्या दाबाचा आकडा ठळक छापलाय. कपात फेस भरपूर येतो, पण खाली कॉफी पाणचट आणि आंबट. एक पाहुणे म्हणाले, हे विका आणि साठ हजारांचं घ्या. तेवढे पैसे नाहीत. याच मशिनमध्ये काही सुधारणा होते का?
— एक वाचक, वेळणेश्वर

उत्तर : ताई, विकू नका. साठ हजारांच्या मशिनमध्ये हीच पावडर घातलीत तर कॉफी अशीच पाणचट होईल, आणि पुढचे पाहुणे लाखाचं सुचवतील. रत्नागिरीत माझ्या दुकानात मिक्सर, गिझर आणि विहिरीचे पंप दुरुस्तीला येतात. हल्ली त्यांच्या रांगेत कॉफीची मशिनंही दिसायला लागली आहेत. त्यातली निम्मी बिघडलेली नसतातच.

मशीन तूर्त बाजूला ठेवा आणि ज्यात कॉफी भरता त्या हँडलमधली जाळी बाहेर काढा. चमच्याचा दांडा कडेला घालून उचकटली की निघते. धुऊन उजेडाकडे धरा. आतून चाळणीसारखी बारीक भोकंच भोकं दिसतील, पण उजेड आरपार येणार नाही. आता उलटी करा. बाहेरून गुळगुळीत पत्रा आणि त्यात एकच भोक, टाचणीचं टोक जेमतेम शिरेल एवढं. ही दुहेरी तळाची जाळी. कॉफीतून पाणी कितीही सुसाट गेलं तरी त्या एका भोकाशी अडतं, तिथं दाब साठतो आणि पिचकारी उडावी तसं ते बाहेर पडतं. तुमचा फेस तिथं तयार होतो. कॉफीचा अर्क उतरला की नाही, याच्याशी त्या फेसाचं काही देणंघेणं नाही.

कंपन्या अशी जाळी देतात कारण गिऱ्हाईक दुकानातली जुनी, जाडीभरडी पावडर घालणार हे त्यांना ठाऊक असतं. त्यात लबाडी नाही, सोय आहे. ती सोय चवीला कशी लागते ते तुम्ही लिहिलंच आहे.

तेव्हा पहिला बदल म्हणजे एकेरी तळाची जाळी, जिची सगळी भोकं आरपार असतात ती. स्वस्त घरगुती मशिनना बहुतेक वेळा 51 मिलिमीटरची लागते, काहींना 54 किंवा 58ची. मागवण्याआधी जुनीचा आतला व्यास मोजा. व्हर्नियर नसेल तर गावातल्या लेथवाल्याकडे जा, दोन मिनिटांत मोजून देईल. बसेल तर तळ नसलेलं हँडलही घ्या. त्याचे कान तुमच्या मशिनसारखे दोन आहेत की तीन, तेवढं बघून. कॉफी कुठून एकसारखी उतरते आणि कुठून फवारा मारते, ते त्यात उघड दिसतं.

पण एक सांगून ठेवतो. नुसती जाळी बदललीत तर कॉफी आणखी बिघडेल. अडवायला ते एक भोक उरलं नाही, की पाणी जाड्या पावडरीतून पाच-सात सेकंदांत धो धो वाहून जाईल. आता दाब कॉफीनंच धरायचा आहे आणि त्यासाठी ताजं, बारीक, एकसारखं दळण लागतं. खरा खर्च इथं करा. मिक्सर चालणार नाही. त्याचं पातं दळत नाही, तोडतं. अर्धी कॉफी पीठ होते आणि अर्धी रवा राहते. पीठ कडू उतरतं, रवा आंबट, आणि एकाच कपात दोन्ही चवी येतात. शंकूच्या आकाराच्या स्टीलच्या दात्यांचा हातानं फिरवायचा ग्राइंडर घ्या. मात्र त्याचे टप्पे एस्प्रेसोइतके बारीक आहेत ना, हे आधी विचारा. बिया भाजल्याची तारीख पुडीवर असेल अशाच घ्या. चिकमंगळूर, कोडगू, अराकू, कुठल्याही चालतील, भाजून महिना उलटून गेलेला नसावा.

मग वजनकाटा. सोनं तोलतात तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. 51च्या जाळीत 14 ते 16 ग्रॅम कॉफी मावते. तिच्या दुप्पट वजनाचा अर्क, म्हणजे 15 ग्रॅमला 30 ग्रॅम, पंचवीस ते तीस सेकंदांत उतरला पाहिजे. पंधरा सेकंदांतच उतरला तर दळण एक टप्पा बारीक करा. थेंब थेंब करत मिनिट लागलं तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण आणि वजन दोन्ही हलवलंत तर कशानं काय झालं ते कळायचं नाही.

जाळीतली कॉफी दाबून बसवायला मशीनबरोबर आलेली प्लास्टिकची दाबणी फेकून द्या. ती जाळीपेक्षा लहान असते, कडेची कॉफी सैल राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. नव्या दाबणीला स्टीलचा तळ जाळीच्या आतल्या मापाला अगदी थोडा कमी कातून घ्या. मूठ लाकडी हवी असेल तर सावंतवाडीला खेळणी कातणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून हाताला बसेल अशी करून घ्या. तळ मात्र लाकडी नको, पावसात फुगतो. दाबण्याआधी पावडरीतल्या गुठळ्या मोडायच्या असतात. माडाचा हीर त्याला जाड पडतो. गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचे चार-पाच तुकडे बाटलीच्या बुचात खोचा आणि तळापासून गोल गोल फिरवा.

आंबटपणाचं आणखी एक कारण थंड हँडल. एस्प्रेसोला 90 ते 96 अंशांचं पाणी लागतं. लहान मशिनमध्ये पाणी तापलं तरी गार धातू त्यातली उष्णता ओढून घेतो. म्हणून कॉफी न घालता रिकामं हँडल लावून एक-दोन कप पाणी काढा, ते कपात ओतून कपही तापवा, हँडल कोरडं पुसा आणि मगच कॉफी भरा. याला पैसा लागत नाही, तरी बहुतेक लोक टाळतात.

दुधाच्या वाफेच्या नळीवर एक जाड टोपण असतं आणि त्याला वर बारीक भोक. त्यातून हवा ओढून साबणासारखे बुडबुडे होतात. बऱ्याच मशिनांत हे टोपण ओढलं की निघतं आणि आतली सडपातळ नळी उघडी पडते. तिनं फेस घट्ट, मऊ येतो, पण हात बसायला वेळ लागतो. आधी वाफेतलं पाणी बाहेर सोडा. दूध फ्रिजमधलं गार घ्या. नळीचं टोक पहिल्यांदा दुधाच्या पृष्ठाशी धरा, मग थोडं आत. भांड्याला हात लावून धरवेनासं झालं की थांबा, साधारण 60 ते 65 अंश होतात.

राहता राहिले 15 बार. हा आकडा म्हणजे पाणी वाहत नसताना पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो तो. कॉफीला साधारण 9 बार लागतात. 1961 साली इटलीतल्या फाएमा कंपनीनं पंपावर चालणारं ई-61 मशीन आणलं, तेव्हापासून तोच आकडा चालत आलाय. काही मशिनांत जादा दाब सोडून देणारा स्प्रिंगचा व्हॉल्व असतो आणि स्प्रिंग बदलून किंवा स्क्रू फिरवून दाब खाली आणता येतो. गॅजिया क्लासिक नावाचं मशीन वापरणारे हौशी लोक हे हमखास करतात. तुमच्या किमतीच्या मशिनांत तो व्हॉल्व पुष्कळदा फिरवता येण्याजोगा नसतो. वर सांगितलेलं सगळं झाल्याशिवाय मशीन उघडूच नका. माझ्या मते त्यानंतर उघडावंसं वाटणारही नाही.

प्रश्न : माझा मेहुणा वायरमन आहे. तो म्हणतो, पंपाला पंख्याचा रेग्युलेटर लावला की दाब कमी-जास्त करता येईल. लावू का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : दादा, मेहुण्याची कल्पना मुळात खोटी नाही, पण रेग्युलेटर चुकीचा आहे. या मशिनांतला पंप मोटरचा नसतो. वेटोळ्यात एक दट्ट्या असतो, मागे स्प्रिंग, आणि विजेच्या वाटेत डायोड. 50 हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो, म्हणून तो घर्र आवाज. टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. डायोडच्या रांगेत कपॅसिटर आला की तो भरतो आणि वीज अडवून बसतो. पंप जेमतेम गुरगुरेल किंवा गप्पच राहील. हौशी लोक यासाठी दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर वापरतात, तोही फक्त पंपाच्या वायरवर. हीटरच्या वायरला हात लावायचा नाही.

तरी मी लावू नका म्हणेन. 230 व्होल्ट आणि पाणी एकाच डब्यात, आणि अर्थिंगची स्थिती आपल्याकडच्या जुन्या घरांत काय असते ते मेहुण्यालाच विचारा. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच बसवला नसेल तर आधी तो बसवून घ्या. मशिनमध्ये काही केलं नाही तरी तो हवाच.

सुरुवातीला दाब कमी ठेवण्याचा फायदा हातानंही मिळतो. बटण दाबा, पहिला थेंब दिसायच्या आत बंद करा, पाचेक सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. कॉफी सगळीकडे भिजते आणि पाणी एकाच फटीतून पळत नाही. बंद करताच ट्रेमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व असलेल्या मशिनांत मात्र हे नीट जमत नाही.

प्रश्न : आमचं घर किनाऱ्यावर. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मशिनला कुठलं पाणी घालावं? आणि पावसाळ्यात कॉफीची चवच बदलते, ती का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मचूळ पाणी अजिबात घालू नका. मिठातला क्लोराइड स्टीललासुद्धा बारीक खड्डे पाडतो, ॲल्युमिनियमची तर गोष्टच सोडा. किनाऱ्यापासून आत, जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. ते गाळून घाला. घाटावरच्या बोअरवेलच्या मानानं क्षार कमी साठतात. तरी अधूनमधून लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम लिंबूफूल विरघळवून ते मशिनमधून काढा आणि नंतर दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी. आम्लाचं पाणी आत तसंच ठेवून झोपायला जाऊ नका.

खाऱ्या वाऱ्यानं बाहेरच्या पत्र्यापेक्षा आतली जोडणी आधी जाते. किनाऱ्यावरचं मशीन उघडलं की हीटरच्या टोकांवर हिरवा थर असतो, चिमटीत धरला की भुगा होतो आणि खालची पट्टी कागदासारखी झालेली असते. समुद्राकडच्या खिडकीतून मशीन हलवा. काम झाल्यावर गार होऊ द्या, मग झाका. गरम असताना झाकलंत तर वाफ आतच मुरते. पाणी सोडणारी वरची जाळी एका स्क्रूवर असते. महिन्याकाठी ती सोडवा आणि मागचं काळं तेल घासून काढा. रबरी वॉशर कडक झाला असेल तर सिलिकॉनचा घाला.

पावसाळ्याचं कारण दमट हवा. कॉफी सादळते, आणि बियांपेक्षा पावडर लवकर. त्यामुळे मेमधला ग्राइंडरचा टप्पा जुलैत चालत नाही, पुन्हा जुळवावा लागतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी म्हणून कॉफीची मोठी पिशवी भरू नका. भरलीच तर चार-पाच दिवसांच्या पुड्या करा, हवाबंद करून फ्रीजरमध्ये टाका, आणि पुडी बाहेरच्या हवेइतकी झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं.

प्रश्न : लाईट गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालेल का? आणि घरात फिल्टर कॉफीची पावडर पडून आहे, ती वापरली तर?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : इन्व्हर्टरवर नाही. हीटर बहुधा हजार वॉटच्या आसपास किंवा वरचा असतो, घरातला साधा इन्व्हर्टर तेवढा भार पेलत नाही. लाईट गेली की मशिनचा प्लग काढून ठेवा, परत येताना झटका बसतो. तोवर गॅसवर मोका पॉट चढवा, म्हणजे वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं छोटं भांडं. त्यात एस्प्रेसोइतका दाब होत नाही, पण दूध घालून पिणाऱ्याला चालतं. फिल्टरच्या पावडरीत चिकोरी असेल तर ती एकेरी जाळीत घालू नका. ओली झाली की चिकट होते आणि भोकं बुजतात. तिच्यासाठी मशीनबरोबर आलेली दुहेरी जाळी ठेवून द्या, किंवा सरळ पितळी फिल्टर काढा.