हात माझा, तर परवानगी कोणाची?

"मी २२ वर्षांची आहे, कमावते आहे. मला टॅटू करायचा आहे आणि आईबाबांचा ठाम विरोध आहे. केला तर मी चुकेन का?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून येतो. कधी टॅटूच्या जागी रंगवलेले केस असतात, कधी नाकात टोचलेली रिंग. विचारणाऱ्याला बहुतेकदा माझ्याकडून 'कर' किंवा 'नको' एवढंच हवं असतं. मी ते देत नाही. मनात दोन्ही बाजू भांडत असताना समुपदेशकाने एक बाजू उचलली की समोरचा माणूस आपोआप दुसरी धरून वाद घालू लागतो, आणि मग त्याचा स्वतःशी चाललेला विचार थांबतो. म्हणून एका मुलीबरोबर हे काम कसं झालं ते तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा चित्र फोनमध्ये तयारच होतं. नेच्याचं कोवळं पान, गुंडाळलेलं, उलगडायच्या बेतात. वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी. त्या पानाबद्दल बोलताना तिचा चेहरा खुलायचा. हिरव्या रंगात, डाव्या हातावर, मनगटापासून थेट कोपरापर्यंत ते काढून घ्यायचं होतं. घरी विषय काढला तेव्हा बाबा बोलणं अर्धवट टाकून उठून गेले. आई म्हणाली, "या घरात राहून असली थेरं चालणार नाहीत." तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

"मॅडम, मी शनिवारची वेळ घेतली आहे," ती म्हणाली. "आता तर दाखवूनच देणार आहे त्यांना."

मी विचारलं, "समज, आज घरी गेलीस आणि बाबा म्हणाले, कर बाई, तुझी इच्छा. तर शनिवारी जाशील?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "जाईन. पण बहुतेक एवढा मोठा नाही करणार."

या एका उत्तराने पुढच्या सगळ्या कामाला दिशा मिळाली. पान तिचं होतं, पण त्याची लांबी भांडणातून आली होती. एखादी गोष्ट कोणी आपल्याकडून हिरावून घेतं आहे असं वाटलं की ती आधीपेक्षा जास्त हवीशी वाटते. जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने १९६६मध्ये याची रीतसर मांडणी केली. मानसशास्त्रात याला रिॲक्टन्स म्हणतात. नुकतं स्वतःच्या पायावर उभं राहिलेल्या वयात ही ओढ फार जोरकस असते. त्यात वाईट काही नाही, स्वातंत्र्याची जाणीव अशीच येते. पण त्या भरात घेतलेला निर्णय आपला वाटत असला तरी त्याची सूत्रं 'नाही' म्हणणाऱ्याच्याच हातात राहतात. बाबा उजवीकडे म्हणाले म्हणून मी डावीकडे गेले, तर माझी दिशा बाबांनीच ठरवली.

शनिवार तिने स्वतःच पुढे ढकलला. मी तिला घरी करायला दोन गोष्टी दिल्या. पहिली, तेच चित्र तात्पुरत्या स्टिकरवर छापून हातावर लावायचं आणि कामावर, घरी, सगळीकडे तसंच वावरायचं. (काळ्या मेंदीने काढून घेऊ नकोस, हे मी मुद्दाम बजावलं. त्या काळ्या रंगात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांच्या कलपाचाही त्रास होऊ शकतो.) दुसरी गोष्ट जास्त अवघड होती: आईबाबांचे आक्षेप त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे, आपल्याला ते कसे लागले ते बाजूला ठेवून.

ती कागद घेऊन आली. बाबांची वाक्यं: रोग लागतात. नोकरी मिळणार नाही. उद्या नकोसा झाला तर? आम्हाला विचारलंसुद्धा नाहीस. आईचं एकच वाक्य: ज्या अंगाला मी न्हाऊमाखू घातलं, त्यावर सुया टोचून घेणार का?

"म्हणजे दोघंही जुन्या विचारांचे," तिने निकाल दिला.

मला तसं वाटलं नाही. रोगाच्या बाबतीत बाबा पूर्ण चुकीचे नव्हते. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात घातली तर ती काही आठवड्यांत झडून जाईल, कारण तो थर सतत नवा होत असतो. म्हणून सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली, दुसऱ्या थरात जाते, आणि तिथे रक्तवाहिन्या असतात. सुई किंवा शाईची वाटी आधी दुसऱ्यासाठी वापरलेली असेल, तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरलं तरी त्वचेत चिवट जंतुसंसर्ग होऊ शकतो. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली जाते का, शाई दरवेळी नव्या छोट्या वाटीत ओततात का, पुन्हा वापरायची उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक होतात का, हातमोजे मध्येच बदलतात का, हे तिने कोणालाच विचारलं नव्हतं. तिने कलाकाराची चित्रं पाहून जागा निवडली होती. हिपॅटायटिस बीची लस आपण घेतली आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. ते समजायला आईलाच विचारावं लागलं, आणि मला वाटतं, त्या अबोल्यानंतर दोघींमधलं पहिलं धड बोलणं तेच.

"नकोसा झाला तर लेझरने काढता येतो ना?" हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. काढता येतो, पण ती समजत होती तितक्या सहज नाही. शाईचे कण त्वचेतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून बसतात. कण इतके मोठे असतात की त्यांना ते पचवताही येत नाहीत आणि वाहूनही नेता येत नाहीत. २०१८मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. टॅटू टिकतो तो असा. लेझर या कणांचे बारीक तुकडे करतो आणि मग शरीर ते हळूहळू बाहेर काढतं. त्याला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि शेवटी पुसट सावली उरू शकते. काळी शाई सगळ्यात सोपी. हिरव्यासाठी वेगळ्या तरंगलांबीचा लेझर लागतो, पिवळा आणि पांढरा फार हट्टी. हे वाचून आल्यावर तिने स्वतःच हिरवा रंग सोडला आणि साध्या काळ्या रेषेवर आली. वर्षानुवर्षं त्वचेत रेषा थोडी पसरते, म्हणून पानावरची बारीक लव काढून टाकली. विरोधासाठी विरोध उरला नव्हता तेव्हाच ती चित्राकडे चित्र म्हणून पाहू लागली.

नोकरीचा मुद्दा लवकर मिटला. काही गणवेशाच्या नोकऱ्यांमध्ये दिसणाऱ्या टॅटूबद्दल कडक नियम असतात, आणि तिकडे जायचा विचार असेल तर ते नियम आधी वाचायलाच हवेत. तिचं काम प्रयोगशाळेतलं होतं. तिने कामावर सरळ विचारलं, कोणाला हरकत नव्हती.

उरलं ते 'विचारलंसुद्धा नाहीस'.

तिच्या संमतीने आईबाबा एकदा माझ्याकडे आले. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "ती सांगायला आली होती, विचारायला नाही." त्यात राग होता, पण त्याहून जास्त धक्का होता. कालपर्यंत प्रत्येक गोष्ट विचारणारी मुलगी एका वाक्यात मोठी झाली होती आणि यांना कोणी तयारीला वेळच दिला नव्हता. आईंनी ते न्हाऊमाखूचं वाक्य माझ्यासमोर पुन्हा म्हटलं. मुलीने पहिल्यांदाच ते मध्ये न तोडता ऐकलं.

त्यांना मी स्पष्ट सांगितलं: तुम्हाला टॅटू आवडत नाही, तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि ते जरूर म्हणा. कारणं सांगा, पुन्हा सांगा. पण बोलणं बंद करू नका. अबोला धरला की मुलांना आपलं म्हणणं कळत नाही, आपल्या प्रेमाला अट आहे एवढंच कळतं, आणि पुढच्या खेपेला ती सांगतच नाहीत.

मुलीला वेगळं सांगायचं होतं. बावीसाव्या वर्षी ती 'सांगायला' गेली यात तिचं काही चुकलं नव्हतं. अडचण अशी होती की तिला स्वतःचा निर्णयही हवा होता आणि त्या निर्णयावर आईबाबा खूशही हवे होते. खूश नाहीत म्हणून ती चिडली होती. कुटुंबाचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ मरी बोवेन यांनी मोठं होण्याची जी खूण सांगितली, ती मला रोजच्या कामात पटत आली आहे: जवळच्या माणसांशी जोडलेलं राहून आपल्या मतावर उभं राहता येणं. त्यातून सुटायच्या दोन सोप्या वाटा म्हणजे मान तुकवणं आणि नातं तोडणं. दोन्हींमध्ये समोरच्याची नाराजी सोसावी लागत नाही. मधल्या वाटेवर ती सोसावी लागते, तीही 'तुम्ही नाराज होऊच नका' असा हट्ट न धरता.

बाबांशी काय बोलायचं याची आम्ही अक्षरशः तालीम केली. "माझं शरीर आहे" हे वाक्य तिने स्वतःच गाळलं. ते खरं आहे, आणि कोणी ते नाकारत असेल तर ठणकावून म्हणावंही. पण त्या घरात ते म्हटल्यावर दार आपटल्यासारखं व्हायचं. शेवटी ती म्हणाली ते असं: "बाबा, मी हे करायचं ठरवलं आहे. तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत आहे, आणि आवडायलाच हवं असं मी म्हणत नाही. रोगाचं तुम्ही बोललात ते मी तपासलं, जागा बदलली, लसीचंही पाहिलं. लपवून करणार नाही. ज्या दिवशी जाईन तो दिवस तुम्हाला सांगेन."

लपवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. ताजा टॅटू ही जखम असते. वरवर भरायला दोन ते चार आठवडे जातात, आतून जास्त. सौम्य साबणाने धुणं, पातळ मलम, खपली न खुडणं, पोहणं आणि ऊन टाळणं, हे सगळं लांब बाह्यांच्या आत चोरून नीट होत नाही. लालसरपणा पसरू लागला, पू झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे असतात, आणि घरी कळेल या भीतीने नेमके तेच दिवस वाया जातात. आईबाबांना सांगणं शक्यच नसेल, तर निदान एका जबाबदार मोठ्या माणसाला माहीत असू द्या. यानंतर काही काळ रक्तदानही करता येत नाही. तो काळ प्रत्येक देशात वेगळा असतो. कापल्यावर तुमच्या अंगावर जाड, उंच वण उठत असतील, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटल्याशिवाय पुढे जाऊच नका.

तिने काही महिन्यांनी टॅटू केला. बोटभर लांबीचा, काळ्या रेषेचा, कोपराच्या वर. बाबा काही दिवस बोलले नाहीत, पण या वेळी ती त्यांच्याशी बोलत राहिली. आईंनी जखम पाहिली आणि मलम नीट लावतेस का, एवढं विचारलं. बाबांना तो आजही आवडत नाही. ते तसं सगळ्यांसमोर म्हणतात आणि ती ऐकून घेते. एकदा मात्र त्यांनी विचारलं, कातडी झडते म्हणतेस, मग रंग कसा टिकतो? तिने पेशींची सगळी हकीकत सांगितली. शेवटच्या भेटीत मला हे सांगताना ती म्हणाली, "त्यांनी होकार दिला नाही मॅडम, आणि मला आता त्याची वाटही बघाविशी वाटत नाही."

हे सगळं वाचून कोणी लगेच घरी जाऊन तेच संवाद म्हणून पाहील, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. या मुलीच्या घरात राग होता, पण धोका नव्हता. साधारण त्याच सुमारास १९ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत होता. त्यालाही टॅटूच हवा होता. वडिलांनी फी बंद करण्याची धमकी दिली होती, आणि त्यांचा हात आधीही उठला होता. कायद्याने तो सज्ञान होता. टॅटूसाठी बऱ्याच देशांत १८ वर्षांची अटही असते. पण त्याच्याबरोबर मी खरं बोलून नाराजी सोसायची तालीम केली नाही. रात्री घर सोडावं लागलं तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, कागदपत्रं कुठे ठेवायची, फीसाठी दुसरी सोय काय, यावर आम्ही काम केलं. टॅटू पुढे ढकलायचं त्याने स्वतः ठरवलं, आणि ही हार नाही हे त्याला पटायला बराच वेळ लागला. त्याचं शेवटचं वर्ष आता संपत आलं आहे. राहायची वेगळी सोय झाली आहे. टॅटू कोणता करायचा, हे त्याचं अजून ठरत नाही.