टेलिफोन तंत्रज्ञाचे काम कुठे संपते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कार्यालयात आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारे फोन, बसवल्यापासून बाहेरच्या काही कॉलमध्ये आमचा आवाज पलीकडे जातो, पण पलीकडचा आम्हाला ऐकू येत नाही. टेलिफोनवाले नेटवर्ककडे बोट दाखवतात आणि नेटवर्कवाले एक्सचेंजकडे, म्हणजे कार्यालयातील कॉल जोडणाऱ्या यंत्रणेकडे. धरायचे कोणाला?

उत्तर : निवाडा करण्याआधी घंटा वाजणे आणि आवाज पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे. कॉल जोडण्याची बोलणी एसआयपी या ठरलेल्या पद्धतीने, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवर्कमधील क्रमांकित दारावरून) होतात, तर आवाजाची पॅकेट्स, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, आरटीपी या दुसऱ्या पद्धतीने दुसऱ्याच पोर्टवरून येतात. म्हणून घंटा व्यवस्थित वाजूनही एका बाजूला शांतता राहू शकते. 'तुमचा आवाज या पत्त्यावर पाठवा' असे एक्सचेंज पलीकडच्याला कळवते आणि तेथे १९२.१६८ने सुरू होणारा आतला पत्ता गेला, तर बाहेरच्या जगाला तो सापडणारच नाही. कधी पत्ता बरोबर असतो, पण फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी, दार उघडत नाही. कधी राउटरमधील एसआयपी एएलजी ही 'मदतनीस' सोय मजकूर परस्पर बदलून घोळ घालते. ती बंद करताच तक्रार मिटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

फायरवॉलच्या बाहेर आणि आत, दोन्ही ठिकाणी एकाच कॉलचे पॅकेट कॅप्चर, म्हणजे ये-जा करणाऱ्या पॅकेट्सची नोंद, घ्यावे. पॅकेट्स बाहेर येऊन आत पोहोचत नसतील, तर काम नेटवर्क तंत्रज्ञाचे. बाहेरच येत नसतील, तर एक्सचेंजने कळवलेला पत्ता टेलिफोन तंत्रज्ञाने तपासावा. तो बरोबर निघाला आणि वाटेत कोणी बदललाही नसेल, तर तक्रार सेवा पुरवठादाराकडे न्यावी. कॅप्चर मात्र दोघांनी एकाच पडद्यासमोर बसून पाहावे, कारण एकमेकांना पाठवलेल्या अहवालांवर दोघेही विश्वास ठेवत नाहीत.

प्रश्न : मोठ्या फाइलींचा बॅकअप सुरू झाला की बोलणे तुटते. जोडणीचा वेग वाढवावा का?

उत्तर : आधी रांग पाहावी. जी.७११ कोडेकचा (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या एका पद्धतीचा) एक कॉल साधारणपणे सेकंदाला ५० पॅकेट्स पाठवतो आणि प्रत्येक दिशेला सुमारे ८० किलोबिट एवढीच जागा घेतो. अडचण जागेची नसून बॅकअपच्या गर्दीत या चिमुकल्या पॅकेट्सना थांबावे लागते, ही असते. आवाजाच्या पॅकेटवर प्राधान्याची खूण, म्हणजे डीएससीपी ४६, लावण्याची व्यवस्था टेलिफोन तंत्रज्ञाने करावी आणि स्विच व राउटर ती खूण मानतात की पुसतात, हे नेटवर्क तंत्रज्ञाने पाहावे.

प्रश्न : जुनी टेलिफोन माणसेच आमच्याकडे नेटवर्कची केबल टाकतात. चालेल का?

उत्तर : हात त्यांचाच सफाईदार असतो, पण सवय तपासावी लागते. आवाजाची तार थोडी जास्त उलगडली तरी बिघडत नसे; कॅट ६ केबलच्या जोडीचा पीळ मात्र टोकाशी सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये. जोड्या फुटल्या, म्हणजे एका जोडीतील तार दुसरीच्या सोबत बसली, तर साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि वेग मात्र मिळत नाही. म्हणून काम कोणीही करो, केबल सर्टिफायरचा, म्हणजे केबलची क्षमता मोजणाऱ्या यंत्राचा, अहवाल घेतल्याशिवाय ते स्वीकारू नये.

दुसरी खबरदारी अॅनालॉग लाइनची. घंटा वाजताना तिच्यावर सुमारे ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब असतो, आणि फोनचा छोटा प्लग नेटवर्कच्या सॉकेटात सहज शिरतो. सामाईक पॅच पॅनेलवर, म्हणजे केबलींची टोके एकत्र येतात त्या फळीवर, दोन्हींसाठी वेगळे रंग आणि ठळक लेबले असलीच पाहिजेत.

प्रश्न : मी टेलिफोन तंत्रज्ञ आहे. नेटवर्कच्या स्विचचा पासवर्ड मागणे रास्त आहे का?

उत्तर : बदल करण्याचा अधिकार मागू नये, केवळ पाहण्याचा जरूर मागावा. आपला फोन कोणत्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) आहे, पोर्टवरून वीज मिळते का, चुका वाढतात का, हे आपल्याला दिसले तर एकमेकांना विचारण्यासाठी करावे लागणारे निम्मे फोन वाचतील. डीएचसीपीमधील, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेतील, पर्याय ६६, ज्यातून फोनला सेटिंग उतरवून घेण्याच्या सर्व्हरचा पत्ता कळतो, तो भरतो नेटवर्क तंत्रज्ञ. पण तेथे काय भरायचे ते आपण लेखी द्यावे आणि एक्सचेंजचा सर्व्हर बदलण्याच्या आदल्या दिवशी त्यालाही कळवावे.