बिग ब्लूस्टेम या प्रेअरी गवताचा उपयोग काय, आणि ते आपल्याकडे लावावे का?

अमेरिकेच्या प्रेअरीतील बिग ब्लूस्टेम या गवताचे उपयोग आपण विचारले आहेत, आणि ते आपल्या माळावर चाऱ्यासाठी लावता येईल का, असाही आपला प्रश्न आहे.

या गवताचा मुख्य उपयोग चाऱ्याचाच. अनुकूल जमिनीत ते दोन मीटरांहून उंच वाढते आणि त्याला तीन फाट्यांचा तुरा येतो. म्हणून तिकडे त्याला ‘टर्कीचा पाय’ असेही म्हणतात. फेस्क्यूसारखी थंड हवेची गवते ऐन उन्हाळ्यात मंदावतात तेव्हा हे जोमात असते, आणि गुरे ते इतक्या आवडीने खातात की बेसुमार चराई झालेल्या कुरणातून तेच आधी कमी होऊ लागते. मात्र तुरा आल्यावर काडी टणक होते आणि प्रथिने घटतात. त्यामुळे कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये वसंताच्या अखेरीस नेहमीच्या दुप्पट गुरे सोडून जुलैच्या मध्यास ती बाहेर काढण्याची पद्धत आहे. पुढचे महिने गवताला हिवाळ्यापूर्वी मुळांत अन्न साठवण्यासाठी मिळतात.

मुळे तीन मीटरांपर्यंत खोल जातात, आणि धूप झालेल्या जमिनीवर हे गवत लावतात ते त्यांच्यासाठीच. तिकडचे ओमाहा आणि पोंका हे मूळनिवासी लोक याच्या ताठ काड्या मातीच्या घरांच्या छपरात, वरची माती पेलण्यासाठी, अंथरत. पुढे वसाहतकऱ्यांनी मुळांनी घट्ट विणलेल्या मातीचे ठोकळे कापून घरे बांधली. हीच चिवट माती बिडाच्या नांगराला दाद देत नव्हती. 1837 मध्ये इलिनॉयमधील जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि प्रेअरीचे दिवस भरले. उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज जेमतेम चार टक्के उरली आहे, तीही मुख्यतः फ्लिंट हिल्समध्ये, कारण तेथील खडकाळ जमीन नांगरण्याजोगी नव्हती.

आपल्याकडे ते आणण्याची गरज मला दिसत नाही. ज्वारी, ऊस, पवना आणि मारवेल ही सारी याच्याच गटातील आहेत, आणि त्यांपैकी पवना व मारवेल आपल्या माळावर मुळातच रुजलेली आहेत. बी विकत आणून, ते बसेपर्यंत दोन-तीन वर्षे थांबण्यापेक्षा आपल्याच कुरणात काही काळ चराईबंदी करावी, आणि गवत पूर्ण वाळून काडी होण्याची वाट न पाहता फुलोऱ्यातच कापावे.