रिटायरमेंटनंतर पुणं सोडून पवना किंवा मुळशीच्या धरणाकाठी कायमचं राहायला जावं का?

जा, पण घर थेट पाण्याकाठी घेऊ नका, कामशेत किंवा पौडच्या जवळपास बघा, आणि विकत घ्यायच्या आधी एक अख्खा पावसाळा तिथे भाड्याने राहा. मी पौडजवळच राहतो म्हणून सांगतोय, एजंट लोक प्लॉट दाखवतात ते हिवाळ्यात, सगळं हिरवं आणि शांत, पण जुलैमध्ये ताम्हिणीकडच्या पट्ट्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, लाइट जाते, भिंतींना ओल येते आणि गुडघे दुखायला लागतात ते वेगळंच. पवन्याकाठी तर वीकेंडला कॅम्पिंगवाल्यांचे स्पीकर. आणि समोर धरण दिसतं म्हणजे नळाला पाणी येतं असं अजिबात नाही, बोअर आहे का आणि मे महिन्यात चालते का ते शेजाऱ्याला विचारा, एजंटला नको.

कागदांचं म्हणाल तर:
- शेतकरी दाखला नसेल तर १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेता येत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉटच बघा
- सातबारा स्वतंत्र हवा, सामाईक गुंठे स्वस्त मिळतात पण नंतर डोक्याला ताप

फक्त एक, दोघांपैकी कुणाला हार्टचा वगैरे त्रास असेल तर हे सगळं विसरा, कारण मोठ्या हॉस्पिटलसाठी पुण्याच्या दिशेनेच यावं लागतं आणि रविवारी संध्याकाळी पिरंगुटला अडकलात की अँब्युलन्ससुद्धा हलत नाही.