भाऊ आजारी आहे, पण मी कोणाजवळ रडू?

प्रश्न : आदरणीय ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते आणि यंदा दहावीत आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भावाला गेल्या महिन्यात रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याच्या फाइलवर ‘ए.एल.एल.’ असे लिहिलेले आहे. आईबाबा त्याला घेऊन मुंबईला गेले आहेत आणि मी आजीजवळ आहे. फोन केला की ‘सगळे ठीक आहे, तू अभ्यास कर’ एवढेच सांगतात. परवा तो माझ्यावर खेकसला आणि त्याने फोन आपटला. त्याला ताप यायच्या आदल्या दिवशी मी त्याला रागाने ढकलले होते, ते मनातून जात नाही. सगळे त्याचेच करतात याचा कधी कधी राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मी स्वार्थी आहे का?

उत्तर : ढकलल्याची गोष्ट आधी घेते, कारण ती तू अजून कोणालाच सांगितलेली नसावीस. ढकलल्याने, भांडल्याने किंवा रागाच्या भरात वाईट चिंतल्याने हा आजार होत नाही. ए.एल.एल., म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गाभ्यात, तयार होणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या जनुकांत बिघाड होतो आणि कच्च्या पेशी बेसुमार वाढून निरोगी पेशींना जागाच ठेवत नाहीत. तुमचे भांडण झाले त्या दिवशी हा बिघाड त्याच्या शरीरात आधीपासूनच होता.

आता त्याच्या खेकसण्याविषयी. या उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत केमोथेरपीबरोबर स्टिरॉइडची औषधे दिली जातात, आणि त्यांमुळे मुलांना अनावर भूक लागते, झोप उडते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो आणि क्षुल्लक कारणावरून संताप येतो. रात्री दोन वाजता उठून वरणभात मागणारी आणि ताट समोर आले की ते ढकलून देणारी मुले त्या वॉर्डातल्या आयांना नवीन नसतात. त्याचा राग बहुधा तुझ्यावर नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा फोन कर आणि तब्येतीची चौकशी न करता गल्लीतल्या क्रिकेटचे काय चालले आहे ते सांग.

तू स्वार्थी आहेस असे मला मुळीच वाटत नाही. भाऊ आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत, तरीही तुझे बरेच काही एका महिन्यात हातातून गेले आहे : शाळेतून आल्यावर दार उघडणारी आई, रोजचा भांडणारा भाऊ, दहावीच्या वर्षी आपल्याकडे कोणीतरी लक्ष देईल ही साधी अपेक्षा. त्याचे दुःख होणारच, आणि त्यासाठी कोणाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. ‘तू मोठी आहेस, समजून घे’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीला मोठे ठरवून तिचे रडणे बंद करणे मला अन्यायाचे वाटते. भावावर जीव असणे आणि त्याचा हेवा वाटणे या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

‘सगळे ठीक आहे’ या उत्तरावर मात्र थांबू नकोस. बाबांना निवांत वेळ असेल तेव्हा नेमके विचार : आता उपचाराचा कोणता टप्पा चालू आहे, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, किती आहेत, तो घरी कधी येऊ शकेल, आणि डॉक्टर पुढचे काय सांगतात. या आजारावरचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात, त्यांतले शेवटचे बरेच महिने मुले घरी राहून औषधे घेतात आणि पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात. तुझ्या भावाबाबत खात्रीने काय सांगता येईल, हे त्याचे डॉक्टरच जाणतात. तुझ्या आईबाबांनी हे वाचले, तर त्यांना माझी विनंती आहे की मुलीपासून लपवू नका. न सांगितलेल्या गोष्टीची जागा ती रात्री एकटीने कल्पनेने भरते, आणि ती कल्पना बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असते.

वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती स्वतः जाऊन सांग, म्हणजे राहिलेल्या वह्यांवरून बोलणी खावी लागणार नाहीत. रडू आले तर आजीजवळ रड; तिलाही नातवाची काळजी आहे आणि तीही कदाचित तुझ्यासमोर अश्रू आवरत असेल. झोप लागेनाशी झाली, जेवण जाईनासे झाले किंवा जगणे नको वाटू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. आजीला किंवा शिक्षकांना लगेच सांग आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन कर. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

भाऊ घरी येईल तेव्हा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, म्हणून बाहेरून आल्यावर साबणाने हात धू आणि तुला सर्दी-ताप असेल तेव्हा त्याच्यापासून दूर राहा. त्याला ताप आला, तर घरगुती औषधात वेळ न घालवता, रात्र असली तरी, लगेच रुग्णालयाशी संपर्क साधायचा असतो, हे आजीलाही सांगून ठेव. एरवी त्याच्याशी पूर्वीसारखीच वाग, आणि कॅरम खेळताना मुद्दाम हरू नकोस. मुलांना ते लगेच कळते.