बोर्निओच्या डॅनम व्हॅलीतल्या जंगलात गाइडसोबत तीन दिवस पुरतील का? ओरांगउटान दिसेल का?

तीन दिवस कमीच पडतात, चार रात्री ठेवा. लहाद दातू या जवळच्या शहरातून कच्च्या रस्त्याने आत पोचण्यातच पहिला अर्धा दिवस जातो. ओरांगउटान बहुधा एकएकटे हिंडतात, फळांमागे जागा बदलतात आणि साधारण रोज संध्याकाळी झोपायला झाडावर नवं घरटं बांधतात. आदल्या दिवशीचं घरटं गाइडला ठाऊक असेल तर पहाटे तिथे जाऊन थांबता येतं, म्हणून हाताशी जास्त सकाळी हव्यात. (ताडोब्यासारखं जिप्सीत बसून पाहणं नाही; चालायचं, तेही मान वर करून.) लॉजजवळ उंबराच्या जातीचं झाड फळलं असेल तर मात्र पहिल्याच दिवशी दिसेल. दिसण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जळवांसाठीचे लांब मोजे घ्याच.