शिलाई मशीन घेण्याआधी

प्रश्न: आमच्या धर्मग्रामातल्या व्हिन्सेंट डी पॉल मंडळात, म्हणजे चर्चच्या गरिबांना मदत करणाऱ्या मंडळात, मी गेल्या वर्षी आले. एका घराला मंडळ तीन वर्षं दरमहा किराणा देतंय. नवऱ्याचं कंपनीतलं काम सुटलं, बायको घरीच, दोन मुलं शाळेत. आता सभेत दोन तट पडलेत. काही म्हणतात, यांना आयतं खायची सवय लागली, किराणा बंद करा. बाकीचे म्हणतात, बाईला शिलाई मशीन द्या, म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहील. तुम्ही इतकी वर्षं या कामात होतात. आम्ही काय करावं? – एक वाचक, वसई

उत्तर: मशीन घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.

आम्हीही एकीला दिली होती. रविवारची मिस्सा संपल्यावर, फादरांच्या हस्ते, फोटोबिटो काढून. सहा महिन्यांनी सहज तिच्या घरी गेले, तर मशीनवर कपड्यांची चळत आणि वर पोरांची दप्तरं. "शिवतेस ना गं?" विचारलं, तर हसली. "बाई, मला कुठे शिवता येतं? तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलीत, नको कशी म्हणू?"

तिच्याविषयी आम्ही तीन सभा घेतल्या होत्या. एकीतही तिला बोलावलं नव्हतं. तुला काय येतं, एवढं विचारायचं राहिलं. येत होतं बरंच. पहाटे अंधारात उठून ती दुसऱ्याच्या वाडीत मजुरीवर सोनचाफा खुडायला जायची. कळी किती उमललेली घ्यायची, दादरला पोचेपर्यंत फूल ताजं कसं ठेवायचं, गणपतीत आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी भाव कुठवर चढतो, सगळं तोंडपाठ. अडत होतं ते भांडवलाशी. मग मंडळाने तिला पाच हजार दिले. दान म्हणून नव्हे, उसने. वाडीवाल्याकडून ती रोखीने फुलं घेऊ लागली आणि पहिल्या लोकलने जाऊन दादरला स्वतः विकू लागली. आठवड्याला दोनशे रुपये परत, रविवारी, वहीत सही करून. पावसात तीन हप्ते चुकले, तेही वहीत चुकले म्हणूनच लिहिले. शेवटचे दोनशे दिले त्या दिवशी तिने वही मागून घेतली आणि घरी नेली!

तुमच्या बाईला काय येतं, हे तुमच्या पत्रात नाही. कर्जाचाही उल्लेख नाही. तीन वर्षं किराणा जाऊनही घर वर येत नसेल, तर पैसा कुठेतरी गळतोय. फायनान्सवाल्याचा आठवडी हप्ता असेल, गहाण पडलेला दागिना असेल. आधी तो आकडा कागदावर मांडा. आपल्या वसईला हे दुखणं जुनंच आहे. धर्मगुरू मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली पतसंस्था काढली, ती लोकांची मान सावकाराच्या हातून सोडवायला. तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली.

आणि शिधापत्रिका बघा. नुसती 'आहे' म्हणून सोडू नका, उघडून बघा. प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असला तर माणशी पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांना महिन्याला वीस किलो. उत्पन्नाच्या अटीत बसत असूनही शिक्का नसेल, तर मंडळातल्या कोणीतरी त्यांच्यासोबत पुरवठा कार्यालयात खेटे घालावेत. कंटाळवाणं काम आहे, त्याचे फोटो निघत नाहीत.

'सवय लागली' म्हणणाऱ्यांना एकच विचारा: त्या घरी शेवटचे कधी गेला होतात? १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम याने हे मंडळ सुरू केलं तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबाच्या घरी जाऊन बसायचं कसं, हे त्या पोरांना शिकवलं सिस्टर रोझाली यांनी. आपण मात्र चर्चच्या ऑफिसात पिशव्यांची रांग लावतो आणि माणसं लाचार झाली म्हणून कुरकुरतो. दोघंदोघं जा. चहा घ्या. पहिल्या भेटीत वही काढू नका.

किराणा एकदम तोडू नका. मिळकत सुरू झाली की आधी तेल-साखर कमी करा, मग डाळ. कोणत्या महिन्यात काय कमी होणार, हे त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या संमतीने ठरवा.

आता नवरा. त्याच्यावर तुम्ही चार शब्द खर्च केलेत. काम सुटल्यापासून दिवसभर तो असतो कुठे? दारू आहे का? असली तर बाईने मिळवलेलं तिच्या हाती राहणार नाही, आणि मग वरचं सगळं मागे ठेवून आधी त्याला ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, बैठकीला न्यावं लागेल. दारू नसेल, नुसतीच लाज असेल, तर वेगळ्या माणसाला वेगळ्या वेळी जाऊन बोलावं लागेल. यातलं काय आहे ते बघा आणि मला पुन्हा लिहा.